अमेरिकेत राज्यांचे स्वतःचे मतदान हक्क कायदे आहेत, आपल्याकडे महाराष्ट्र असं काही करू शकतो का?

काळाचौकीकर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण शेवटपर्यंत वाचा, मला खरंच उत्तर हवंय.

आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. थोडी बिऱ्हाडं प्रतीक्षानगरला ट्रान्झिटमध्ये, बाकीची बिल्डरचं भाडं घेऊन बदलापूर, नालासोपारा, जिथे परवडलं तिथे. १५ जानेवारीला पालिकेचं मतदान होतं तेव्हा आमच्या शेजारच्या काकू, वय सत्तरीच्या पुढे, गुडघ्यांचं दुखणं असून सकाळची लोकल पकडून बदलापूरहून आल्या. हातात मतदार ओळखपत्र, पिशवीत मागच्या वेळची स्लिपसुद्धा जपून ठेवलेली. यादीत नाव नाही. बाहेर टेबल टाकून बसलेल्या पोरांनी मोबाईलवर शोधलं, तिथेही नाही. आतले साहेब म्हणाले, तुम्ही इथे राहत नाही म्हणून नाव वगळलं असेल, आता आज काही होणार नाही. काकूंना नोटीस वगैरे कधी आलीच नव्हती, आणि येणार कुठे, ज्या पत्त्यावर यायची ते घरच पाडलंय. अशा आमच्या चाळीतल्या बऱ्याच जणी होत्या. आमच्याकडे बौद्ध घरं जास्त, मुस्लिम घरंही होती, वर्षानुवर्षं एका वॉर्डात एकत्र मतदान करायचो म्हणून उमेदवार दारात यायचा तरी, आता सगळे पांगलोय.

हे मी माझ्या मावसभावाला सांगितलं, तो न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये असतो, आता तिकडचा नागरिक झालाय. तो म्हणाला आमच्याकडे मतपत्रिकेवर बंगालीसुद्धा छापतात, आणि २०२२ ला न्यूयॉर्क राज्याने मतदान हक्काचा स्वतःचा कायदा केलाय, अल्पसंख्याकांचं मत कमजोर होईल असं काही एखाद्या गावाने केलं तर लोक सरळ कोर्टात जातात. मला आश्चर्य वाटलं की देशाचा कायदा असताना राज्याला वेगळा कायदा का लागावा, त्यात नक्की काय वाचवतात, आणि मुख्य म्हणजे महाराष्ट्राने मनात आणलं तर असा कायदा इथे होऊ शकतो का की निवडणुकीचं सगळं दिल्लीच्याच हातात असतं? कुणाचा अभ्यास असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

फोर्टातला_ज्युनिअर

ताई, काकूंचं वाचून फार वाईट वाटलं. यादीबद्दल माझ्यापेक्षा ते काम केलेलं कुणी नीट सांगेल, मी आधी अमेरिकेचं लिहितो.

तिकडे घटनेच्या १५ व्या दुरुस्तीने १८७० सालीच ठरवलं की वंश किंवा रंगावरून मत नाकारायचं नाही. कागदावर विषय संपला. पण दक्षिणेतल्या राज्यांनी वंशाचं नाव न घेता वाटा काढल्या, मत द्यायचं तर कर भरा, वाचता येतं का त्याची परीक्षा द्या, आणि परीक्षा घेणारा कारकून गोरा, पास कोण ते तो ठरवणार. शंभरेक वर्षं हे चाललं. मार्च १९६५ ला अलाबामात सेल्मा गावच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, त्यात जॉन लुईस नावाच्या तरुणाचं डोकं फुटलं, तेच पुढे खासदार झाले. त्याच वर्षी ६ ऑगस्टला अध्यक्ष जॉन्सननी व्होटिंग राइट्स ॲक्टवर सही केली.

त्या कायद्याचा खरा जोर कलम ५ मध्ये होता. ज्या राज्यांचा आणि काउंट्यांचा (म्हणजे तिकडचे जिल्हे) इतिहास खराब, त्यांनी निवडणुकीतलं काहीही बदलायचं तर, अगदी मतदान केंद्र एका इमारतीतून दुसरीकडे हलवायचं असलं तरी, आधी केंद्राच्या न्याय खात्याची किंवा वॉशिंग्टनच्या कोर्टाची मंजुरी घ्यायची. त्यात अल्पसंख्याकांचं नुकसान होत नाही हे सिद्ध कुणी करायचं, तर बदल करणाऱ्या सरकारने. मतदाराने वकील शोधत फिरायचं नाही. माझ्या मते अख्ख्या विषयाचं मर्म इथे आहे, पुरावा कुणी द्यायचा आणि कधी, निवडणुकीच्या आधी की नंतर.

२०१३ ला शेल्बी काउंटीच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने, हे कलम कुठल्या राज्यांना लागेल ते ठरवणारं सूत्रच रद्द केलं. म्हणजे कलम ५ पुस्तकात राहिलं पण लागू करायला कुणी उरलं नाही. टेक्ससने त्याच दिवशी मंजुरीअभावी अडकलेला, मतदानाला ओळखपत्र सक्तीचं करणारा कायदा अमलात आणतो म्हणून जाहीर केलं. नॉर्थ कॅरोलायनाने त्याच वर्षी एक कायदा केला, तो २०१६ ला अपील कोर्टाने रद्द केला कारण कृष्णवर्णीय मतदार ज्या सोयी जास्त वापरायचे नेमक्या त्यांच्यावरच कात्री चालवली होती. निकाल चांगला लागला पण तोवर तीन वर्षं गेली, आणि मधल्या निवडणुका काही परत घेत नाहीत.

मग उरलं कलम २, वंशावरून मतात भेदभाव करायला बंदी घालणारं, जे देशभर लागू, पण त्यात दावा लावणाऱ्यानेच सगळं सिद्ध करायचं, तज्ज्ञ आणा, आकडेवारी आणा, लाखो डॉलर खर्च. २०२३ ला एका अपील कोर्टाने तर म्हटलं की कलम २ खाली सामान्य माणसाने किंवा संस्थेने दावा लावायचाच नाही, फक्त केंद्राचा ॲटर्नी जनरल लावू शकतो. मिनेसोटा त्याच कोर्टाच्या हद्दीत येतं, त्यांनी २०२४ ला राज्याचा कायदा केला आणि लोकांना दाव्याचा हक्क राज्याच्या कोर्टात दिला. वरचं दार बंद व्हायला लागलं म्हणून राज्यं उठली ती अशी. कॅलिफोर्निया सगळ्यात आधी, तिथे २००२ लाच सही झाली होती. मग वॉशिंग्टन राज्य २०१८, ओरेगन, २०२१ ला व्हर्जिनिया (जुन्या गुलामगिरीवाल्या दक्षिणेतलं पहिलं, याचं मला फार अप्रूप आहे), कनेक्टिकट, २०२५ ला कोलोराडो.

तुमच्या भावाचा न्यूयॉर्कचा कायदा जॉन लुईस यांच्याच नावाने आहे, जून २०२२ ची सही. त्यात मतं पातळ करणाऱ्या निवडणूक पद्धतीला बंदी आहे, धाकदपटशाला आहे, आणि पूर्वपरवानगीची पद्धत राज्याने स्वतःच्या पातळीवर पुन्हा उभी केलीय, सप्टेंबर २०२४ पासून ठरावीक गावांना आणि काउंट्यांना राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे किंवा कोर्टात जाऊन आधी मंजुरी आणावी लागते. भाषेचं बंगाली प्रकरण मात्र केंद्राच्या कायद्यातून आलंय. १९७५ च्या आणि नंतर १९९२ च्या दुरुस्तीप्रमाणे, एखाद्या भागात इंग्रजी नीट न येणारे एका भाषागटाचे मतदार १० हजारांच्या वर किंवा ५ टक्क्यांच्या वर गेले तर मतपत्रिका, सूचना, मदतनीस सगळं त्या भाषेत द्यावं लागतं, बाकी काही अटी आहेत पण ढोबळमानाने हे. क्वीन्सला २०१३ पासून बंगाली मिळतेय, तीही सहज नाही, लोकांना त्यासाठी कोर्टात जावं लागलं. न्यूयॉर्कने आपल्या कायद्यात ही मर्यादा आणखी खाली आणलीय.

अ_ब_क_ड

वरच्या दादांनी "मतं पातळ करणारी पद्धत" असं एका ओळीत टाकलंय पण मला वाटतं खरी गोम तिथेच आहे आणि मुंबईकरांना ती कळत नाही कारण तुमच्याकडे एक वॉर्ड एक नगरसेवक. मी कल्याणला राहतो. आमच्याकडे प्रभाग पद्धत, चार जागांचा एक मोठा प्रभाग, अ ब क ड. केंद्रात गेलं की मशीनवर चार वेळा बटण दाबायचं, अ साठी एक, ब साठी एक, असं. माझ्या आईला वाटतं एकदा दाबलं की झालं, आतले लोक ओरडतात आजी अजून बाकीये, आणि चारही झाल्याशिवाय तो लांब आवाज येत नाही. म्हातारी माणसं गोंधळतात ते वेगळंच पण त्याहून मोठा मुद्दा गणिताचा आहे.

समजा प्रभागाच्या एका कोपऱ्यात एक वस्ती आहे, प्रभागाच्या पंचवीस टक्के. एकेकाचा वॉर्ड असता तर ती वस्ती मिळून एक वॉर्ड झाला असता आणि त्यांचा माणूस आला असता. पण चार जागांना अख्खा प्रभाग मत देतो, त्यामुळे पंच्याहत्तर टक्केवाले चारही जागा घेऊन जातात. राखीव जागा असली तरी ती कुणाला मिळणार ते उरलेला प्रभाग ठरवतो. कोणाचंही नाव यादीतून काढलेलं नाही, कोणाला केंद्रावर अडवलेलं नाही, तरी त्या वस्तीचं मत गेलं ते गेलंच. आणि वस्तीतलं गटार तुंबलं तर चौघांपैकी नेमकं कोणाच्या दारात जायचं ते पण कळत नाही, चौघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

अमेरिकेत ह्याच पद्धतीवरून सगळ्यात जास्त भांडणं झालीत. तिकडे बऱ्याच ठिकाणी अख्खं गाव मिळून कौन्सिलचे सगळे सदस्य निवडतं. अलाबामात मोबील शहरात १९११ पासून तीन कमिशनर अख्ख्या शहरातून निवडायचे, कृष्णवर्णीय मतदार भरपूर पण त्यांचा कोणी यायचा नाही. १९८० ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की मुद्दाम केलं हे सिद्ध करा. आता १९११ सालच्या माणसांच्या मनात काय होतं हे कोण सिद्ध करणार? म्हणून १९८२ ला संसदेने कायदाच बदलला, हेतू नको, परिणाम बघा. वॉशिंग्टन राज्यात याकिमा म्हणून शहर आहे, वस्तीत चाळीस टक्क्यांच्या आसपास लॅटिनो (मूळची लॅटिन अमेरिकेतली माणसं), आणि कौन्सिलवर त्यांचा एकही नाही. २०१४ ला केंद्राच्या कायद्याखाली कोर्टाने ती पद्धत बेकायदा ठरवली, मग एकेका वॉर्डाची पद्धत लावली आणि २०१५ लाच तीन लॅटिना बायका निवडून आल्या. तीच माणसं, तेच शहर.

कॅलिफोर्नियाच्या राज्य कायद्याने अजून सोपं केलं, मतदान वंशाच्या रेषेवर दुभंगतं आणि त्यामुळे अल्पसंख्याकांचं मत दुबळं होतं एवढं दाखवा, वस्ती एका ठिकाणी दाट असल्याचं वेगळं सिद्ध करायची गरज नाही. पामडेल शहराने लढून बघितलं, हरले आणि तडजोडीत ४५ लाख डॉलर भरावे लागले, त्यानंतर कितीतरी शहरांनी नुसत्या नोटिशीवर वॉर्ड पाडले. आपल्याकडे मात्र प्रभाग किती सदस्यांचा हे सत्तेवर कोण आहे त्यावर बदलत राहतं, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोनाचा, २०१७ ला चाराचा, मग तीनाचा करायला निघाले, परत चार. कोणालाही विचारत नाहीत की ह्याने कुठल्या वस्तीचं काय होणार. माझा राग त्याच्यावर आहे.

जुना_गिरणगाव

मंडळी, चर्चा चांगली चाललीय पण मला थोडं दुसरं म्हणायचंय, वयाने मोठा आहे म्हणून ऐकून घ्या.

अमेरिकेला जे १९६५ ला जमलं ते आपण पहिल्या दिवसापासून दिलं. कलम ३२६, प्रौढ मताधिकार, आणि कलम ३२५, धर्म, वंश, जात, लिंग यावरून कोणालाही यादीबाहेर ठेवायचं नाही, सगळ्यांची यादी एकच. १९५१-५२ ला शंभरातली ऐंशीच्या वर माणसं निरक्षर होती, तिकडे अमेरिकेत वाचता येत नाही म्हणून मत नाकारायचे आणि आपण निरक्षर माणसासाठी चिन्हं आणली, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, त्यावर चित्र, चित्र बघ आणि टाक. जगात कुठे एवढा विश्वास आपल्याच गरीब माणसावर टाकलाय सांगा. अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा आहेत, अमेरिकेत कुठे आहेत? पालिकेत निम्म्या जागा बायकांना. तेव्हा त्यांच्याकडून शिकायचं ठीक, पण आपण मागासलेले आणि ते पुढारलेले असा सूर नको, एवढंच म्हणणं आहे.

पण कल्याणकरांनी दोन-चार सदस्यांच्या पद्धतीबद्दल लिहिलं ते मात्र मनाला लागलं, कारण ह्याच मुंबईत त्याचा सगळ्यात मोठा दाखला आहे. पहिल्या लोकसभेला उत्तर मुंबईचा मतदारसंघ दोन सदस्यांचा होता, एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराच्या हातात दोन मतपत्रिका, पण दोन्ही एकाच उमेदवाराला टाकता यायच्या नाहीत, टाकल्या तर एकच धरायचे. बाबासाहेब तिथून उभे होते आणि काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून हरले. ज्या माणसाने मताधिकाराचं कलम लिहिलं तो पहिल्याच निवडणुकीत पडला. आमच्या वडिलांच्या पिढीतली माणसं ते दुःख शेवटपर्यंत विसरली नाहीत, गिरणीच्या खात्यात त्यावरून भांडणं व्हायची म्हणे. १९६१ ला कायदा करून ते दोन सदस्यांचे मतदारसंघ बंद केले, आणि बरं केलं. मग लोकसभेला जे वाईट म्हणून बंद केलं ते नगरपालिकांना का चालतं, हा माझाही प्रश्न आहे.

फोर्टातला_ज्युनिअर

काका, फार मोलाचं लिहिलंत. आपल्या घटनेचा अभिमान मलाही आहे आणि ताईंचा प्रश्न त्याच्या विरोधात जात नाही. एकच जोडतो. १९५२ ला दोन्ही मतं एकाला देता आली असती तर एकत्र असलेल्या छोट्या गटाला काहीतरी मिळालं असतं. न्यूयॉर्क राज्यात पोर्ट चेस्टर म्हणून गाव आहे, तिथे केंद्राच्या कायद्याखालच्या खटल्यानंतर २०१० ला हेच केलं, सहा जागा, प्रत्येकाला सहा मतं, हवी तर सहाच्या सहा एकालाच द्या. तिथे पहिल्यांदा लॅटिनो माणूस निवडून आला. म्हणजे वॉर्ड पाडणं हा एकच इलाज नाही. जिथे समाज पांगलेला असतो तिथे वॉर्ड पाडून फायदा होत नाही, कॅलिफोर्नियात सांता मोनिकाच्या खटल्यात २०२३ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टासमोर हाच पेच आला, आणि कोर्टाने सांगितलं की वॉर्ड सोडून दुसरी एखादी मतदान पद्धत लावली तर त्या समाजाचं बळ वाढतं का तेही बघायचं. ताईंच्या चाळीसारखी माणसं पांगत चालली तर उद्या मुंबईलाही हा विचार करावा लागेल.

राखीव जागांचंही एक सांगायला हवं. त्या अनुसूचित जाती-जमातींना आहेत, धार्मिक अल्पसंख्याकांना नाहीत, आणि मुस्लिम समाजाच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ ला दाखवलं होतं की काही राज्यांत मुस्लिम वस्ती जास्त असलेले मतदारसंघच अनुसूचित जातींसाठी राखीव झालेत, त्याच राज्यांत अनुसूचित जातींची वस्ती जास्त असलेले दुसरे मतदारसंघ असताना. यात दोन वंचित समाज एकमेकांसमोर उभे राहतात, आणि सीमा कोण आखतं, कशी आखतं हे कुणी विचारत नाही.

यादीभाग_शिक्षिका

मी पालिकेच्या शाळेत शिकवते आणि बीएलओचं, म्हणजे घरोघर जाऊन मतदारयादी तपासायचं काम केलेलं आहे, अजूनही करते. काळाचौकीकर ताई, तुमच्या काकूंच्या बाबतीत जे झालं ते कायद्याप्रमाणे व्हायला नको होतं, हे आधी स्पष्ट लिहिते.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५०, कलम २२. राहत नाही म्हणून नाव काढायचं असेल तर नोंदणी अधिकाऱ्याने आधी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी. आणि कलम २० मध्ये लिहिलंय की कोणी राहत्या जागेपासून तात्पुरतं बाहेर असेल तर तेवढ्यावरून त्याचा रहिवास संपत नाही. रिडेव्हलपमेंटमध्ये गेलेल्या माणसाच्या हातात बिल्डरचा करार असतो, त्यात परत येण्याची खोली लिहिलेली असते, ह्याहून तात्पुरतेपणाचा पुरावा काय हवा. पण प्रत्यक्षात काय होतं ते पण सांगते. आमच्या हातात यादी देतात, घरोघर जा म्हणतात, शाळा सांभाळून. पत्त्यावर गेलं तर पत्रे ठोकलेले, आत जेसीबी. वॉचमनला विचारलं तर तो म्हणतो सगळे गेले. मग फॉर्मवर काय लिहायचं, "स्थलांतरित". एका इमारतीची सगळी पानं एका संध्याकाळी स्थलांतरित होतात. मी स्वतः विकासकाच्या ऑफिसातून भाडेकरूंचे फोन नंबर मागून एकेकाला फोन केलेत, पण सगळ्यांना ते जमत नाही आणि तसा नियमही कोणी आम्हाला लिहून दिलेला नाही. नियम असता तर बरं झालं असतं, पाडकाम सुरू करण्याआधी रहिवाशांची यादी आणि सध्याचे पत्ते नोंदणी कार्यालयाला द्यायचे, एवढं एक कलम.

चांगलंही सांगते. बेघर माणसाकडे पत्त्याचा पुरावा मागायचा नाही असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. तो जिथे झोपतो म्हणतो तिथे बीएलओने रात्री जाऊन बघायचं, एकाहून जास्त रात्री. भायखळ्याच्या पुलाखाली मी गेलेय अशी, सोबत शाळेतले शिपाईदादा होते. एक बाई तिथे दोन पोरांना घेऊन झोपलेली, तिला उठवून सांगितलं की तुमची नोंदणी झालीये, तिला आधी खरंच वाटेना. पदपथावरच्या बाईला जो मान मिळतो तो चाळीतल्या भाडेकरूला मिळत नाही हे मला पटत नाही.

आणि गिरणगावकर काका, पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली होती, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई असंच लिहून आलं होतं. पुढच्या वेळी मोहीम काढून ती बरीचशी दुरुस्त केली. यादी मागे लागून करावी लागते, आपोआप होत नाही.

काळाचौकीकर

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. शिक्षिका मॅडम, तुमचं वाचून मी काकूंना फोन करून वाचून दाखवलं. दोन गोष्टी राहिल्यात. अमेरिकेत नाव काढायचे नियम काय आहेत, तिकडे पण माणसं घरं बदलतातच ना? आणि ज्युनिअर दादा, महाराष्ट्राला हा कायदा करता येईल का ते अजून सांगितलं नाहीत.

फोर्टातला_ज्युनिअर

हो ताई, तेच लिहायचं राहिलं होतं.

नावं काढण्याबद्दल तिकडे १९९३ चा केंद्राचा कायदा आहे. घर बदललं असा संशय आला तर लगेच नाव काढत नाहीत, नोटीस पाठवायची, उत्तर आलं नाही तरी थांबायचं, आणि त्यानंतरच्या दोन केंद्रीय सार्वत्रिक निवडणुकांत तो माणूस मतदानाला आला नाही तरच नाव जातं. मधे एकदा जरी आला तरी हक्क शाबूत. शिवाय केंद्राच्या निवडणुकीआधीच्या ९० दिवसांत घाऊक सफाई करायची नाही. तरीही तिकडे गैरप्रकार होतात, खटले होतात, पण निदान घड्याळ मतदाराच्या बाजूने चालतं. आपल्याकडे उमेदवारी अर्जाची मुदत संपली की यादी गोठते, त्यामुळे मतदानाच्या दिवशी कळलेली चूक त्या दिवशी सुधारत नाही.

आता महाराष्ट्राचं. लोकसभा आणि विधानसभेची यादी, मतदान, सगळं भारत निवडणूक आयोगाकडे आणि संसदेच्या कायद्याने. विधानसभेच्या बाबतीत राज्याला संसदेने जिथे जागा सोडलीय तेवढीच. पण महानगरपालिका आणि नगरपालिकांचं तसं नाही. घटनेचं कलम २४३ झेडए सरळ म्हणतं की पालिका निवडणुकांच्या सगळ्या बाबींवर राज्याचं विधिमंडळ कायदा करू शकतं, घटनेच्या चौकटीत राहून. राज्य निवडणूक आयोग त्यासाठीच आहे. प्रभाग एकाचा की चाराचा हा राज्याच्याच कायद्याचा विषय आहे, म्हणून तर तो इतक्या वेळा बदलला. तेव्हा उत्तर हो, पालिकांपुरता करता येईल, आणि काकूंचं मत पालिकेचंच होतं.

अडचण दोन ठिकाणी. एक, पालिकेची यादी विधानसभेच्या यादीतूनच घेतात, राज्य आयोग ती वॉर्डाप्रमाणे फोडतो, स्वतः नाव घालत नाही की काढत नाही, त्यामुळे मूळ यादीतली चूक तशीच खाली येते. दोन, कलम २४३ झेडजी प्रमाणे वॉर्डांच्या सीमा आणि जागावाटपाच्या कायद्याला कोर्टात आव्हान देता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये न्यूबर्ग नावाच्या गावातल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मतदारांनी आपल्या टाऊन बोर्डाच्या निवडणूक पद्धतीवर थेट दावा लावला, तशी वाट इथे जवळपास बंद आहे. म्हणूनच माझं ठाम मत आहे की आपल्याकडे नंतरच्या दाव्यापेक्षा आधीची परवानगी जास्त कामाची. वॉर्ड बदलायचे, सदस्यसंख्या बदलायची, मतदान केंद्र हलवायचं, तर त्याचा अनुसूचित जाती-जमाती, अल्पसंख्याक, अपंग, पुनर्वसनात गेलेल्या लोकांवर काय परिणाम होईल तो अहवाल आधी जाहीर करायचा आणि सरकारपासून स्वतंत्र अशा कोणीतरी तो मंजूर करायचा. आता फक्त हरकती-सूचना मागवतात, त्या नोकरी करणाऱ्या माणसाला कधी कळतात? मुंबईचे वॉर्ड २२७ चे २३६ केले, सरकार बदललं तसे परत २२७ झाले, ओबीसी आरक्षणाचा खटला चालला, आणि मार्च २०२२ ला मुदत संपलेल्या पालिकेची निवडणूक झाली जानेवारी २०२६ ला. जवळपास चार वर्षं एक कोटीच्या वर मतदारांच्या शहरात एकही नगरसेवक नव्हता. वेळेवर निवडणूक घेणं हासुद्धा मताच्या हक्काचाच भाग आहे आणि तो कायद्यात दंडासकट लिहायला हवा.

अजून एक निकाल काकूंसाठी लक्षात ठेवा. १९९५ चा लाल बाबू हुसेन खटला, सुप्रीम कोर्ट. तेव्हा दिल्लीत आणि आपल्या मुंबईतही वस्त्यावस्त्यांतल्या लोकांना नागरिकत्व सिद्ध करा म्हणून नोटिसा गेल्या होत्या. कोर्टाने सांगितलं, ज्याचं नाव आधीपासून यादीत आहे त्याची नोंद रीतसर चौकशी करूनच झाली असं धरून चालायचं, आणि काढायचं तर नीट सुनावणी द्यायची. तो नागरिकत्वाबद्दल होता, पण सुनावणीचं तत्त्व इथेही लागतं.

अ_ब_क_ड

दादा तो परिणाम अहवालवाला मुद्दा आमच्याकडे पण हवा, आमच्या प्रभागाचा नकाशा मी शेवटच्या दिवशी बघितला, कार्यालयाच्या भिंतीवर लावलेला, रेल्वेलाईनच्या दोन्ही बाजू एकाच प्रभागात, मधे पूलही धड नाही. तुम्ही लोक काही मसुदा वगैरे करणार असाल तर कल्याण-डोंबिवलीतून मी आणि माझे दोन मित्र येऊ.

यादीभाग_शिक्षिका

ताई, आत्ता करायचं ते सांगते. कोणाच्या अर्जावरून आणि कुठल्या कारणाने नाव काढलं, सुनावणीची नोटीस कधी, कुठल्या पत्त्यावर पाठवली, हे नोंदणी कार्यालयाकडे लेखी मागा, माहिती अधिकाराचा अर्ज पण करा. प्रत्येकीचा वेगळा अर्ज, एकत्र सह्यांचं पत्र देऊ नका, ते एकाच फायलीत जाऊन बसतं. नव्याने नाव घालायला फॉर्म ६ लागेल, सोबत बिल्डरच्या कराराची प्रत आणि जुनं ओळखपत्र जोडा. फॉर्म ८ नाव यादीत असताना पत्ता किंवा चूक बदलायला असतो, नाव गेलं असेल तर तो चालत नाही, तिथे बऱ्याच जणांचा वेळ जातो. आणि ज्यांना कायमचं बदलापूरलाच राहायचंय त्यांनी तिकडे नोंदवावं, दोन ठिकाणी ठेवू नका, तो गुन्हा आहे.

काळाचौकीकर

मॅडम, काकू परत यायच्याच आहेत, तिसऱ्या मजल्यावरची खोली करारात लिहिलेली आहे. येत्या रविवारी प्रतीक्षानगरला सगळ्यांना बोलावलंय, करार आणि ओळखपत्राच्या झेरॉक्स घेऊन. ज्युनिअर दादा, तुम्हाला यायला जमेल का?

फोर्टातला_ज्युनिअर

येतो ताई, दुपारी तीननंतर. माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना टाईप करून आणतो, नावं आणि यादीभाग क्रमांक तेवढे भरायचे. जुन्या यादीची प्रत कुणाकडे असेल तर ती जरूर आणा, त्यात नाव दिसलं की अर्धं काम होतं. आणि अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय कुणीही तिथून हलू नका.